फार्मसीचे माजी विद्यार्थी: आधी यादी, मग काम, मग सन्मान

फार्मसी विभागात माजी विद्यार्थ्यांची जबाबदारी बहुधा एखाद्या तरुण प्राध्यापकाकडे येते, तीही तास, प्रॅक्टिकल आणि परीक्षेची कामं सांभाळून. हातात पडतं ते एक जुनं एक्सेल, थंड पडलेला व्हॉट्सॲप ग्रुप आणि ‘यंदा मोठा मेळावा घेऊ’ अशी सूचना. सुरुवात मेळाव्यापासून करू नका. मेळाव्याला नेहमीचीच माणसं येतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी तुमच्यापुढे पुन्हा तेच एक्सेल उघडं असतं. आधी यादी नीट करा, मग प्रत्येकाला झेपेल असं नेमकं काम मागा, आणि त्या कामाच्या नोंदीतून सन्मान द्या. क्रम उलटा केला की सन्मान ओळखीच्या चार नावांत फिरत राहतात आणि बाकीचे हळूहळू पत्रांना उत्तर द्यायचं थांबवतात.

यादी

परीक्षा विभागातल्या निकालपत्रकांपासून सुरुवात करा. पदवीदान समारंभाची यादी अपुरी असते, कारण समारंभाला न आलेले आणि एखादा विषय राहून पुढच्या सत्रात सुटलेले तिच्यात सापडत नाहीत. दुसरं ठिकाण ग्रंथालय. एम. फार्म. आणि पीएच. डी.च्या प्रबंधांच्या पहिल्या पानावर नाव, वर्ष आणि मार्गदर्शक तिन्ही मिळतात, आणि निवृत्त मार्गदर्शकाकडे आपल्या विद्यार्थ्यांचे फोन नंबर हमखास असतात.

एक माणूस, एक क्रमांक हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. फार्मसीत एकच विद्यार्थी डी. फार्म., बी. फार्म. आणि एम. फार्म. असा तीनदा यादीत येऊ शकतो. मग त्याला एकच निमंत्रण तीनदा जातं आणि तुमची संख्याही फुगते. पदवीदर्शक रकाने वेगळे ठेवा, पण ओळ एकच. प्रवेशाचं वर्ष आणि उत्तीर्ण झाल्याचं वर्ष दोन्ही लिहा. थेट दुसऱ्या वर्षाला आलेले विद्यार्थी स्वतःला नेमक्या कुठल्या बॅचचे मानतात हे त्यांनाच विचारा. पंचवीस वर्षांच्या स्नेहमेळाव्याचं पत्र चुकीच्या वर्षी जाण्यापेक्षा हे बरं.

रकाने कमीत कमी हे हवेत: शिकत असतानाचं नाव, आताचं नाव, पदवी व वर्षं, खासगी ईमेल, फोन, शहर व देश, कामाचं क्षेत्र, पद, बॅच प्रतिनिधीचं नाव, संमतीची तारीख आणि माहिती शेवटची कधी पडताळली ती तारीख. नावाचे दोन रकाने वगळू नका. लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनी यादीतून निसटतात त्या इथेच, आणि पुढे सन्मानासाठी नावं शोधताना त्या समितीसमोर येतच नाहीत. ईमेल कंपनीचा घेऊ नका. उद्योगातली माणसं नोकरी बदलतात आणि तो पत्ता एका रात्रीत बंद होतो.

प्रत्येक बॅचमधून दोन प्रतिनिधी घ्या, एक वसतिगृहात राहिलेला आणि एक घरून येणारा. दोघांची वर्तुळं वेगळी असतात आणि एकट्या प्रतिनिधीची यादी नेहमी अर्धीच येते. त्यांना ‘सगळ्यांचे नंबर द्या’ असं सांगू नका. तुमच्याकडे असलेली बॅचची यादी पाठवा आणि फक्त मोकळे रकाने भरायला सांगा. प्रतिनिधीने नंबर दिला म्हणजे संमती मिळाली असंही नाही. त्या माणसाला स्वतंत्र संदेश जायला हवा आणि त्यात तीन वेगळ्या खुणा हव्यात: संस्थेच्या बातम्या चालतील का, विद्यार्थ्यांना संपर्क दिलेला चालेल का, देणगीसाठी विचारलेलं चालेल का. युरोपात २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा माहिती संरक्षण कायदा असो की भारताचा २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, माहिती कशासाठी घेतली हे स्पष्ट सांगणं दोन्हींच्या मुळाशी आहे. परदेशात स्थायिक झालेले माजी विद्यार्थी हे बारकाईने पाहतात.

एखाद्याच्या निधनाची बातमी आली तर दोन ठिकाणांहून खात्री करा, ओळ पुसू नका, ‘दिवंगत’ अशी नोंद करून त्या पत्त्यावर जाणारे सगळे संदेश त्याच दिवशी थांबवा. गेलेल्या माणसाच्या नावे वाढदिवसाची शुभेच्छा घरी पोहोचली तर ते घर संस्थेला विसरत नाही.

बॅचमधल्या साधारण साठ टक्के लोकांची माहिती पडताळून झाली की पुढच्या बॅचकडे वळा. उरलेले शोधत बसलात तर वर्ष जातं, आणि काम सुरू झाल्यावर त्यातले बरेच जण आपणहून येतात.

कोण कुठे काम करतो, त्यावर सगळं अवलंबून

इतर विद्याशाखांपेक्षा फार्मसीचं वेगळेपण इथे आहे. एकाच वर्गातून निघालेले विद्यार्थी औषध दुकानात, रुग्णालयात, कारखान्याच्या उत्पादन विभागात, क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळेत, रेग्युलेटरी अफेअर्समध्ये (औषधांच्या सरकारी मंजुरीचं काम), फार्माकोव्हिजिलन्समध्ये (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचं काम), क्लिनिकल ट्रायल्समध्ये, सरकारी औषध प्रशासनात आणि अध्यापनात पांगतात. सगळ्यांना एकच पत्र एकाच वेळी पाठवलं तर ते कुणालाच लागू पडत नाही.

औषध दुकान चालवणाऱ्याला संध्याकाळी विचारू नका. गर्दी तेव्हाच असते आणि नोंदणीकृत फार्मासिस्टने जागा सोडणं बरोबरही नाही. त्याच्यासाठी दुपारची वेळ आणि ऑनलाइन बैठक. रुग्णालयातल्या फार्मासिस्टची ड्यूटी महिनाभर आधी ठरते, म्हणून तारीख सहा आठवडे आधी द्या. उत्पादनातली माणसं शिफ्टमध्ये असतात आणि कारखान्याची तपासणी जवळ आली की महिना-दीड महिना त्यांच्याकडे कुणालाच वेळ नसतो. तेव्हा आलेला नकार मनाला लावून घेऊ नका आणि यादीत ‘इच्छुक नाही’ असंही लिहू नका. सरकारी औषध निरीक्षकाला विद्यार्थ्यांसमोर बोलायला बोलवा, पण परवानाधारक प्रायोजकाच्या कार्यक्रमात त्याला मंचावर बसवू नका. त्याची अडचण होते. परदेशातल्यांसाठी वेळ लिहिताना दोन्ही ठिकाणची घड्याळं लिहा.

क्षेत्र सोडून गेलेलेही असतात: बँकेत, प्रशासनात, सॉफ्टवेअरमध्ये, स्वतःच्या व्यवसायात. ते ‘आपण आता फार्मसीचे नाही’ म्हणून मागे राहतात. त्यांना वेगळं पत्र लिहा. आरोग्य विमा, औषधांच्या साठ्याचं सॉफ्टवेअर, वैद्यकीय लेखन, पेटंटचं काम या वाटांची माहिती विद्यार्थ्यांना त्यांच्याकडूनच मिळते.

काम मागताना

‘संस्थेसाठी काहीतरी करा’ ही विनंती नाही. तिला उत्तर म्हणून ‘हो, नक्की’ येतं आणि तिथेच संपतं. विनंतीत काम, वेळ, तारीख आणि तयारी किती लागेल हे चारही असायला हवं. उदाहरणार्थ:

‘नमस्कार. तिसऱ्या वर्षाच्या सहा विद्यार्थ्यांच्या सराव मुलाखती शनिवारी १२ तारखेला सकाळी १० ते ११.३० ऑनलाइन घ्यायच्या आहेत. क्वालिटी ॲश्युरन्सचा अनुभव असलेलं कुणीतरी हवं आहे, म्हणून तुम्हाला विचारतो आहे. प्रश्नांची यादी आणि गुणपत्रक आम्ही पाठवू, वेगळी तयारी लागणार नाही. जमेल का ते बुधवारपर्यंत कळवाल का? या वेळी नाही जमलं तरी हरकत नाही, पुढच्या सत्रात पुन्हा विचारेन.’

दहा मिनिटं प्रश्न आणि पाच मिनिटं अभिप्राय धरले तर सहा विद्यार्थी दीड तासात होतात. आठ घेतलेत तर शेवटच्या दोघांच्या वाट्याला अभिप्राय येत नाही, आणि खरा उपयोग अभिप्रायाचाच असतो.

पहिलं काम लहान द्या. वीस मिनिटांत एक बायोडेटा तपासणं, अर्ध्या तासाची फोनवरची चर्चा, रुग्ण समुपदेशनाच्या स्पर्धेत दोन तास परीक्षण. पहिलं काम नीट पार पडलेला माणूस दुसऱ्याला स्वतः तयार असतो. थेट वर्षभराची जबाबदारी दिलेला माणूस तिसऱ्या महिन्यात गायब होतो आणि संकोचाने पुढे फोनही घेत नाही.

व्याख्यानापेक्षा प्रकरण मागा. ‘फार्मा उद्योगातील संधी’ हे भाषण विद्यार्थ्यांनी दहा वेळा ऐकलेलं असतं. त्याऐवजी क्वालिटी कंट्रोलमधल्या माजी विद्यार्थ्याला सांगा: एका गोळीच्या बॅचचं डिसोल्यूशन, म्हणजे गोळीतलं औषध विरघळण्याचं प्रमाण, मर्यादेबाहेर आलं, पहिल्या तासात तुम्ही काय तपासाल? मग वर्गात आकडे फळ्यावर येतात, विद्यार्थी ‘पुन्हा टेस्ट करू’ म्हणतात आणि कारण न शोधता पुन्हा टेस्ट का करायची नसते हे त्यांना तिथेच कळतं. रुग्णालयातल्या फार्मासिस्टला एक प्रिस्क्रिप्शन आणायला सांगा, त्यातलं नाव, वय, नोंदणी क्रमांक काढून. गोपनीयतेचं आधीच बोलून घ्या: उत्पादनाचे खरे बॅच रेकॉर्ड, कंपनीचे एसओपी (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धती) आणि ओळख पटेल असे रुग्णांचे तपशील वर्गात येणार नाहीत. तुम्ही हे स्वतःहून सांगितलंत तर पाहुण्याचंही ओझं कमी होतं.

मार्गदर्शन योजना का फसते

माजी विद्यार्थी आणि विद्यार्थी यांच्या जोड्या लावणं सोपं आहे. त्या टिकत नाहीत, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. विद्यार्थ्याला वाटतं, एवढ्या मोठ्या माणसाला आपण कसा फोन करायचा. मार्गदर्शकाला वाटतं, गरज असेल तर तो करेल. दोघं थांबून राहतात आणि सहा महिन्यांनी दोघंही म्हणतात, समोरच्याला रस नव्हता.

म्हणून पहिली भेट तुम्ही ठरवा. जोडी जाहीर झाल्यापासून दहा दिवसांच्या आत, तिघांची, अर्धा तास. पहिली पाच मिनिटं तुम्ही बसा आणि मग बाहेर पडा. त्या भेटीत तीनच गोष्टी ठरायला हव्यात: महिन्यातला कुठला दिवस, फोन कुणी करायचा, आणि सहा महिन्यांत विद्यार्थ्याला काय एक जमायला हवं. ते एक फार छोटं असलं तरी चालेल, उदाहरणार्थ ‘रेग्युलेटरीत जायचं की नाही हे ठरवता येणं’. एका मार्गदर्शकाकडे दोनपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत. योजनेला शेवटची तारीख हवी. शेवट ठरलेला असला की माणसं निश्चिंतपणे हो म्हणतात. विद्यार्थ्यांना लेखी बजावा: पहिल्या तीन भेटींत नोकरी किंवा शिफारस मागायची नाही. दुसऱ्या महिन्यात प्रत्येक जोडीला एक ओळीचा संदेश पाठवा, ‘भेट झाली का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर तारीख पुन्हा तुम्हीच लावून द्या. जोडी पदावरून लावू नका. उपाध्यक्षापेक्षा तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एक्झिक्युटिव्ह दुसऱ्या वर्षाच्या मुलीला जास्त उपयोगी पडतो, कारण पहिली नोकरी कशी मिळाली हे त्याला अजून आठवतं.

प्रत्यक्ष प्रशिक्षणाची जागा देणारे

विभागाला माजी विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी मदत इथे होते आणि तिची दखल सर्वांत कमी घेतली जाते. अमेरिकेतल्या फार्म. डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रमात सुरुवातीचं किमान ३०० तास आणि शेवटच्या वर्षाचं किमान १,४४० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं. ते दुकानांत, रुग्णालयांत, क्लिनिकमध्ये जे फार्मासिस्ट देखरेखीखाली घेतात त्यांना प्रिसेप्टर म्हणतात, आणि त्यांत माजी विद्यार्थी बरेच असतात. इतर देशांत तासांचं गणित वेगळं, पण अडचण तीच: जागा कमी, विद्यार्थी जास्त.

जागा मागण्याआधी स्वतःकडची कागदपत्रं तयार ठेवा. संस्थेशी करायचा करार, विद्यार्थ्यांच्या विम्याची आणि लसीकरणाची माहिती, प्रशिक्षणाच्या आठवडावार कामांची यादी आणि मूल्यमापनाचा तक्ता. माजी विद्यार्थी स्वतः हो म्हणतो, पण सही त्याच्या वरिष्ठांची लागते; त्यांच्यासमोर ठेवायला एक पानाचं पत्र त्याच्या हातात द्या. गुण देण्याबद्दल तासाभराची बैठक घ्या, कारण आपल्याच कॉलेजची मुलं म्हणून सगळ्यांना पूर्ण गुण देण्याकडे कल असतो. मूल्यमापनात ‘चांगला’, ‘उत्तम’ असे शब्द न वापरता दिसणारी कृती लिहा: ‘मागील औषधांची यादी विचारल्याशिवाय नवं औषध दिलं नाही’. अशा वाक्यावर हो की नाही ठरवणं सोपं जातं.

पैसा आणि उपकरणं

देणगीबद्दल थोडक्यात, कारण ती शेवटी येते. यादीतल्या माणसाने एकदा तरी काम केल्याशिवाय त्याच्याकडे पैसे मागू नका. फार्मसीच्या पदवीधरातून मोठी संपत्ती उभी राहिल्याचं इतिहासात आहे: फिलाडेल्फियाच्या फार्मसी कॉलेजातून १८७४ साली पदवी घेतलेल्या हेन्री वेलकम यांच्या मृत्युपत्रातून १९३६ मध्ये वेलकम ट्रस्ट उभा राहिला. पण विभागाचं अंदाजपत्रक अशा घटनेवर बेतता येत नाही. लहान, नियमित, ठरलेल्या कामासाठीच्या रकमा जास्त उपयोगी.

कायमस्वरूपी पारितोषिक ठेवायचं असेल तर सोपं गणित: दरवर्षी चार टक्के खर्च धरा, म्हणजे मूळ रक्कम पारितोषिकाच्या पंचवीसपट हवी. दहापट रकमेवर सुरू केलेली पारितोषिकं काही वर्षांत महागाईने नाममात्र होतात किंवा बंद पडतात, आणि देणाऱ्याच्या घरच्यांना ते सांगण्याची वेळ तुमच्यानंतर येणाऱ्यावर येते.

वापरलेलं उपकरण भेट म्हणून येत असेल तर लगेच हो म्हणू नका. एचपीएलसीचं, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचं उदाहरण घ्या. लॉगबुक आहे का, शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, डिटेक्टरच्या दिव्याचे किती तास भरले, सॉफ्टवेअरचा परवाना हस्तांतरित होतो का, त्या मॉडेलचे सुटे भाग कंपनी अजून देते का, आणि बंद करताना बफर (क्षारयुक्त द्रावण) धुऊन काढला होता का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नळ्यांत आणि पंपात वाळलेलं मीठ सील खराब करतं. बसवणं, पात्रता चाचण्या आणि वार्षिक देखभाल यांचा खर्च कोण उचलणार हे लेखी ठरल्यावरच उपकरण हलवा. मुदत संपलेली रसायनं, संदर्भ मानकं आणि औषधांचे नमुने नम्रपणे नाकारा; त्यांची विल्हेवाट हाच मोठा खर्च असतो.

सन्मान: आधी निकष

आता सन्मान. पुरस्कार चारच ठेवा: प्रत्यक्ष सेवेसाठी, म्हणजे दुकान आणि रुग्णालयातले फार्मासिस्ट; उद्योग व संशोधनासाठी; पदवीनंतर दहा वर्षांच्या आतल्यांसाठी; आणि विभागाच्या विद्यार्थ्यांसाठी केलेल्या कामासाठी. एकच ‘उत्कृष्ट माजी विद्यार्थी’ पुरस्कार असला की तो दरवर्षी मोठ्या पदाला जातो. जिल्हा रुग्णालयात वीस वर्षं औषधांचा तुटवडा सांभाळणारी फार्मासिस्ट कंपनीच्या संचालकाशेजारी कागदावर कधीच जिंकत नाही, म्हणून तिचा प्रवर्ग वेगळा लागतो.

नियम जाहीर करा आणि त्यात स्पष्ट लिहा: समितीतले सदस्य आणि सेवेत असलेले अध्यापक पात्र नाहीत. ज्या वर्षी मोठी देणगी दिली त्या वर्षी देणगीदाराचं नामांकन घेतलं जाणार नाही. योग्य नाव नसेल तर पुरस्कार दिला जाणार नाही. नामांकन तीन वर्षं जिवंत राहील. गंभीर गैरवर्तन सिद्ध झालं तर सन्मान मागे घेता येईल. हे शेवटचं कलम आधी नसेल तर नंतर ते आणणं म्हणजे एका माणसावर केलेला हल्ला ठरतो.

समिती सात जणांची पुरे: दोन अध्यापक, वेगवेगळ्या क्षेत्रांतले तीन माजी विद्यार्थी, एक बाहेरचा फार्मसी व्यावसायिक, आणि मतदानाचा हक्क असलेला शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी. प्रत्येकाने बैठकीआधी हितसंबंधांचा फॉर्म भरायचा: नातं, एकाच कंपनीत नोकरी, मार्गदर्शक-विद्यार्थी संबंध, संयुक्त शोधनिबंध. संबंध असलेल्या नावाची चर्चा होताना तो सदस्य खोलीबाहेर जातो.

गुणांची विभागणी १०० पैकी अशी चालते: कामाचा रुग्णांवर, औषधाच्या दर्जावर किंवा ज्ञानावर झालेला परिणाम ४०, व्यावसायिक नीतिमत्ता २५, इतरांना घडवणं २०, विभागाशी नातं १५. नात्याला जास्त गुण देण्याचा मोह होतो. दिलेत तर विभागात सतत ये-जा असणाराच जिंकतो आणि दूरदेशी शांतपणे काम करणारा मागे पडतो. गुण बैठकीआधी स्वतंत्रपणे पाठवायचे. बैठकीत सुरुवातीलाच ज्येष्ठ सदस्य नाव घेऊन बोलले की उरलेले सहा जण तिकडे वळतात; आधी पाठवलेले गुण त्याला आळा घालतात. ज्या नावावर दोन सदस्यांत वीसपेक्षा जास्त गुणांचा फरक आहे, चर्चा फक्त त्यावर करा.

नावं शोधणं आणि तपासणं

नामांकनाची सूचना फिरवून वाट पाहिली तर तीच नावं येतात, कारण स्वतःची जाहिरात करणारेच अर्ज करतात. समितीतल्या दोघांना शोधायचं काम द्या. यादीतली क्षेत्रं आणि मागच्या वर्षांचे मानकरी शेजारी ठेवले की पोकळी लगेच दिसते: रुग्णालयातलं कुणीच नाही, डी. फार्म. केलेलं कुणीच नाही, महिला दोनच. तिथल्या बॅच प्रतिनिधींना थेट विचारा.

नोंद नसेल तर मोठं कामही किती सहज हरवतं याचं उदाहरण आपल्याच क्षेत्रात आहे. ॲलिस बॉल यांनी युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधून १९१२ साली फार्मास्युटिकल केमिस्ट्रीची आणि १९१४ साली फार्मसीची पदवी घेतली. पुढे हवाईत, कुष्ठरोगावर वापरल्या जाणाऱ्या चालमोगरा तेलातले घटक टोचता येतील अशा रूपात आणण्याची पद्धत त्यांनी शोधली. १९१६ साली, अवघ्या २४व्या वर्षी त्या गेल्या आणि काम दुसऱ्याच्या नावावर प्रसिद्ध झालं. १९२२ साली एका सहकारी डॉक्टरांनी लेखात त्या पद्धतीला बॉल यांचं नाव देऊन श्रेय नोंदवलं. तरीही युनिव्हर्सिटी ऑफ हवाईने त्यांच्या नावाचा फलक लावायला २००० साल उजाडलं आणि पदक दिलं ते २००७ मध्ये. माजी विद्यार्थ्याच्या कामाची दोन ओळींची नोंद, तारखेसह, त्याच वर्षी करून ठेवण्याचं मोल यातून कळतं.

नाव ठरण्याआधी तपासणी करा, आणि ती औषध क्षेत्राच्या पद्धतीने करा. नोंदणी चालू आहे का आणि शिस्तभंगाची कारवाई आहे का, हे फार्मसी कौन्सिलकडे पाहा. शोधनिबंधांची यादी दिली असेल तर त्यातले काही मागे घेतले गेले आहेत का तेही. कारखान्याचा प्रमुख असेल तर त्याच्या काळात प्रकल्पावर नियामकांची कारवाई झाली होती का. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेची वॉर्निंग लेटर्स (इशारापत्रं) सार्वजनिक असतात. अशी कारवाई दिसली म्हणून नाव आपोआप बाद होत नाही. प्रकल्प बिघडलेल्या अवस्थेत हाती घेऊन ज्याने तो सुधारला त्याचं काम उलट मोठं ठरतं. पण समितीला हे माहीत असायला हवं, समारंभानंतर वर्तमानपत्रातून कळता कामा नये.

वेळापत्रक आणि मानपत्र

जागतिक फार्मासिस्ट दिन २५ सप्टेंबरला असतो. आंतरराष्ट्रीय औषधनिर्माण महासंघाची, म्हणजे एफआयपीची स्थापना १९१२ साली याच तारखेला झाली आणि २००९ मध्ये महासंघाने हा दिवस ठरवला. समारंभ त्या आठवड्यात धरला तर उलटं मोजत या: जानेवारीत नामांकनाची सूचना, मार्चअखेर मुदत, एप्रिलमध्ये शोध आणि तपासणी, मे महिन्यात गुण व बैठक, जूनच्या सुरुवातीला मानकऱ्याला खासगी फोन. फोनवर होकार मिळाल्याशिवाय जाहीर करू नका. नोकरीतल्या काही माणसांना पुरस्कार घेण्याआधी कंपनीची किंवा खात्याची परवानगी लागते आणि तिला आठवडे जातात. मानपत्र जुलैत लिहा, ऑगस्टमध्ये छापा.

मानपत्र १०० शब्दांच्या आसपास ठेवा. ‘औषधनिर्माणशास्त्राच्या क्षेत्रातील भरीव योगदानाबद्दल’ हे वाक्य कुणालाही चिकटवता येतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. त्याऐवजी असं लिहा: ‘नवजात अर्भकांच्या विभागात इंजेक्शनची प्रत्येक मात्रा दोन फार्मासिस्टांनी वेगवेगळी मोजून सही करण्याची पद्धत त्यांनी सुरू केली आणि रात्रपाळीलाही ती टिकवली.’ मसुदा मानकऱ्याला दाखवा, फक्त तपशील तपासण्यासाठी. नावाचा उच्चार फोनवर ऐकून निवेदकाला लिहून द्या.

समारंभ सव्वा तासाच्या आत संपवा आणि मानकऱ्याला तीन-चार मिनिटं बोलू द्या. त्याच दिवशी सकाळी त्याची विद्यार्थ्यांशी गप्पांची बैठक ठेवली नाही तर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तो दिवस वाया गेला. बारा-पंधरा विद्यार्थी, गोल बसून, तासभर; प्रश्न आधी गोळा केलेले. ही बैठक समारंभापेक्षा महत्त्वाची माना.

वर्षभराची छोटी दखल

चार पुरस्कारांनी चारच माणसं सुखावतात. काम करणारे बाकीचे शंभर जण आभाराच्या पत्रावर टिकतात. पत्र सात दिवसांच्या आत जायला हवं आणि त्यात विद्यार्थ्याने लिहिलेलं एक वाक्य हवं. प्रिसेप्टरच्या बाबतीत दुसरं पत्र त्याच्या वरिष्ठांना पाठवा. वार्षिक मूल्यांकनात ते त्याच्या कामी येतं. तुमच्या कौन्सिलच्या नियमांत बसत असेल तर शिकवण्याचे तास निरंतर शिक्षणात धरले जातील असं प्रमाणपत्र द्या. विभागाच्या ग्रंथालयात प्रवेश आणि मानद अध्यापकपद यांचीही किंमत मोठी आहे. विद्यार्थ्यांच्या मतांवर ‘उत्कृष्ट प्रिसेप्टर’ निवडत असाल तर किमान पाच विद्यार्थ्यांचे अभिप्राय असलेल्यांनाच धरा, आणि प्रश्न ‘आवडले का’ असा नको, ‘काय शिकलात’ असा ठेवा. नाहीतर सैल गुण देणारा जिंकतो.

वर्षाअखेर तीन आकडे काढा: पडताळलेले संपर्क किती, वर्षात निदान एक काम केलेले किती, आणि त्यांतले मागच्या वर्षीही काम केलेले किती. मेळाव्याची उपस्थिती यात धरू नका. तिसरा आकडा घसरत असेल तर नवीन माणसं शोधण्याआधी सोडून गेलेल्या पाच जणांना फोन करा. उत्तरं बहुतेक सारखीच येतात: वेळ बदलली आणि कळवलं नाही, विद्यार्थी आलेच नाहीत, किंवा नंतर कुणी काही बोललंच नाही. तिन्ही गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत.

यादी, संमतीच्या नोंदी, समितीचे गुण, मानपत्रांचे मसुदे आणि आभारपत्रं हे सगळं संस्थेच्या खात्यावर ठेवा, स्वतःच्या मेलवर किंवा फोनवर नको. समितीच्या गुणांचं फोल्डर वेगळं, मोजक्या लोकांनाच उघडणारं. व्हॉट्सॲप ग्रुपचे दोन ॲडमिन असू द्या, त्यांतला एक विभागाचा क्रमांक. जबाबदारी बदलताना नव्या माणसासोबत निदान तीन बॅच प्रतिनिधींना एकत्र फोन करा, म्हणजे पुढचा संदेश त्यांना अनोळखी नंबरवरून आल्यासारखा वाटणार नाही.